मध्यरेषेवरचा चौकोन

“अजून मोठं करा,” घोरपडे सर म्हणाले.

चारू कोष्टीनं माऊसचं बटण दाबलं. पडद्यावरचं बोट फुगलं. नख होतं ते गेलं, पेर होतं ते गेलं, आणि उरले ते मातकट रंगाचे आठ-दहा चौकोन. त्यांच्या पुढ्यात पांढऱ्या चौकोनांची एक ओळ. मध्ये एकच चौकोन असा होता, की तो धड मातकट नव्हता आणि धड पांढराही नव्हता.

“हाच तो,” आबासाहेब दुधाळ म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी तो चौकोन पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. चारूच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत आम्ही सहा माणसं आणि एक कॉम्प्युटर दाटीवाटीनं बसलो होतो. चपला बाहेर होत्या, कारण कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही असं चारू सांगायचा. झालरीचं कव्हर घडी घालून बाजूला ठेवलेलं होतं, आणि मॉनिटरच्या कपाळावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून टिकून होतं. वाघोशीत तेव्हा कॉम्प्युटर मोजकेच, आणि फोटो दाखवणारा हा एकच. त्यामुळे तो जे दाखवील ते खरं, यावर गावात दुमत नव्हतं.

प्रकरण साधं होतं. आदल्या दिवशी आमच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा तालुक्याचा अंतिम सामना झाला. एका बाजूला कुंभारवाडीच्या निळ्या जर्सीतल्या मुली, दुसऱ्या बाजूला आमच्या लोखंडे बाईंच्या झुंजार मंडळाच्या पिवळ्या. शेवटची चढाई उरली तेव्हा झुंजार एका गुणानं मागे होतं. सारिका टकले चढाईला गेली, दोघींना शिवली, परत फिरली आणि घोट्यात धरली गेली. पडता पडता तिनं हात लांब टाकला. हात मध्यरेषेला लागला असेल तर झुंजार विजयी. नसेल तर सारिका बाद आणि कुंभारवाडी विजयी. त्या बाजूच्या रेषेवर पंच होते घोरपडे सर. दुसरे पंच पलीकडच्या टोकाला, आणि त्यांच्या व त्या हाताच्या मध्ये चार मुलींचा ढीग. घोरपडे सरांनी शिट्टी मारून बाद दिलं. लगोलग प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कप दिला गेला, आणि त्या कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींनी फक्कीची ती रेषा अशी तुडवली, की तिथं पुरावा म्हणून पाहुण्यांच्या बुटाचा ठसा तेवढा उरला.

राहता राहिला चारूचा फोटो.

चारूनं त्याच वर्षी डिजिटल कॅमेरा घेतला होता. रोल नाही, धुणं नाही, दाबलं की मागच्या काचेत लगेच दिसतं. त्या काचेत सारिकाचा हात रेषेला लागलेला दिसतोय असं एकजण म्हणाला, लागलेला नाही असं दुसरा म्हणाला, आणि काच काडेपेटीएवढी असल्यामुळे दोघांचंही खरं होतं. लोखंडे बाईंनी तिथल्या तिथं हरकत नोंदवली आणि मोठ्या पडद्यावर बघायची मागणी केली. या बाई कन्याशाळेत खेळ शिकवायच्या. त्यांना नाही म्हणायची पद्धत वाघोशीत कधी पडलीच नव्हती. स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांनी मागणी मान्य केली. मी समितीचा चिटणीस, म्हणजे ते मान्य करतील ते मान्य असणारा माणूस.

सारिकाचं मात्र या बोटावर बरंच काही टांगलेलं होतं. तिचे वडील दत्तू टकले दुधाचा टेम्पो चालवायचे. त्यांनी लेकीशी सरळ करार केला होता. या वर्षी जिल्ह्याला गेलीस तर पुढं तुझं तू बघ, मी आडवा येणार नाही. नाही गेलीस तर खेळ बंद, आणि दिवाळीनंतर इचलकरंजीला आत्याकडं जायचं, शिवणाच्या कारखान्यात. पुढच्या वर्षी तिचं वय गटात बसत नव्हतं, तेव्हा वडिलांचं म्हणणं काही अन्यायाचं नव्हतं. तिनंही हो म्हटलं होतं. आता ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. कोपराला खरचटलेलं, त्यावर हळद.

फोटो पहिल्यांदा उघडला तेव्हा तो पडदाभर आला आणि सगळ्यांना बरं वाटलं. फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, तसं आम्हीही शोधलं. आबासाहेब मागं मंडपात फेटा बांधून बसलेले दिसले. फेटा जरा तिरका आला होता, तो सरळ करता येईल का असं त्यांनी चारूला विचारून घेतलं. माझं अर्धं डोकं माईकच्या मागून दिसत होतं. घोरपडे सर पडद्याकडं क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, वेळ कशाला घालवायचा, बोट मोठं करा.

तिथून पुढं सर तेवढंच म्हणत होते. अजून मोठं करा. अजून. त्यांचा उत्साह बघून मला त्यांचं कौतुक वाटत होतं. एवढी हरकत आलेला दुसरा कोणी पंच असता तर बोटाच्या जवळही फिरकला नसता.

पण बोट जितकं मोठं होत गेलं तितकं ते आमच्यापासून लांब गेलं. आबासाहेब उठून मॉनिटरच्या डाव्या बाजूला गेले आणि वाकून, मान तिरपी करून, बोटाच्या खालून काही दिसतंय का ते बघू लागले. मग त्यांनी पंचांग वाचायचं भिंग खिशातून काढलं आणि त्या वादग्रस्त चौकोनावर धरलं.

“याच्यात तर तांबडं, हिरवं आणि निळं आहे,” ते म्हणाले.

भिंग हातोहात फिरलं. खरंच होतं. उघड्या डोळ्याला जो मळकट पांढरा दिसत होता, तो भिंगातून तीन रंगांच्या बारीक पट्ट्यांचा दिसत होता. चारूनं सांगून पाहिलं की हे फोटोत नाही, काचेतच असं असतं, या मॉनिटरवर सगळे रंग या तीनच रंगांतून होतात. पण तोवर उशीर झाला होता. निळा रंग कुठून आला हा प्रश्न निघालेला होता, आणि कुंभारवाडीची जर्सी निळी असल्याचं घोरपडे सरांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं. म्हणजे त्या चौकोनात बोटही नाही आणि फक्कीही नाही, तिथं पकडणाऱ्या मुलीची बाही आहे, असा एक तिसराच पक्ष तयार झाला.

आबासाहेबांनी मतदान घ्यायचं ठरवलं. चौकोन पांढरा म्हणणारे किती, मातकट म्हणणारे किती. मी पांढऱ्याच्या बाजूनं हात वर केला, आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी त्या हातानं डोकं खाजवलं.

लोखंडे बाईंनी चारूला विचारलं, की बाबा, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून गावभर सांगत होतास, मग बोट का दिसत नाही.

चारू प्रामाणिक माणूस. त्यानं टेबलावर बोटानं ठिपके काढून दाखवले. म्हणाला, “बाई, फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. काढताना जेवढे ठिपके मांडले तेवढेच. नंतर मोठं करा म्हटलं की ठिपके वाढत नाहीत, आहे तोच ठिपका सुजतो.”

“मग जास्त मांडायचे.”

“मांडता येतात. पण मी सगळ्यात कमीवर ठेवलं होतं.” त्यानं तळव्यानं टेबल पुसलं. “आबासाहेबांनी सत्काराची यादी दिली होती. पाहुणे, देणगीदार, मंडपवाला, सगळे आले पाहिजेत म्हणाले. मोठा फोटो ठेवला की कार्ड लगेच भरतं. बारीक ठेवला की सगळे मावतात.”

“म्हणजे सत्कार मावावेत म्हणून खेळ बारीक केलास,” बाई म्हणाल्या.

मंडपवाल्याचा सत्कार खरंच झाला होता आणि त्याचा फोटोही चांगला आला होता.

आबासाहेबांनी घसा साफ केला. पुरावा अपुरा, सबब पंचांचा निर्णय कायम, असं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. घोरपडे सर चपला घालायच्या बेतानं उठलेही.

तेव्हा कोपऱ्यातून सारिका पहिल्यांदा बोलली.

“बोट बंद करा आणि मला सगळा फोटो दाखवा.”

आबासाहेब म्हणाले, अगं, सगळ्यात काय बघायचंय, वाद बोटाचा आहे.

“बोट माझंच आहे, ते लागलं हे मला ठाऊक आहे. मला खेळ बघायचाय. मी खाली तोंड करून पडले होते, मला माती सोडून काही दिसलं नाही. परत खेळायला मिळतंय न मिळतंय, एकदा बघून तरी घेते.”

बघू दे की पोरीला, असं आबासाहेबच म्हणाले. घोरपडे सरांनी लाइट जायची वेळ झाल्याचं सुचवलं. तोवर चारूनं बटण दाबलं होतं. चौकोन आकसत गेले, त्यांचं बोट झालं, बोटाचा हात झाला, हाताची मुलगी झाली, आणि अख्खं मैदान पडद्यावर आलं.

सारिका पुढं येऊन बराच वेळ बघत राहिली. स्वतःला असं खेळताना तिनं आयुष्यात प्रथमच पाहिलं असावं. घोट्याला दोघी लटकलेल्या, वेणी हवेत, एक हात पुढं. मग तिची नजर हाताच्या पुढं गेली, रेषेवरून सरकत फोटोच्या कडेला पोहोचली आणि तिथं थांबली.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही तिकडं कुणाला हात जोडताय?”

आम्ही सगळे पुढं वाकलो. भिंग लागलं नाही. फोटोच्या उजव्या कडेला घोरपडे सर उभे होते. पाठ रेषेकडं, कंबरेत किंचित वाकलेले, दोन्ही हात जोडलेले, शिट्टी दोरीला लोंबकळतेय, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे कबड्डीकडं बघताना कोणाच्याही चेहऱ्यावर येत नाही.

प्रमुख पाहुण्यांची जीप त्याच वेळी मंडपाशी लागली होती.

घोरपडे सर पुन्हा खाली बसले. माणूस वाईट नव्हता. आबासाहेबांकडं न बघता ते म्हणाले, “साहेब येतील तेव्हा खेळ थांबवायचा नाही, पण मैदानावरच्या प्रत्येकानं नमस्कार करायचा, अशी सूचना होती.”

सूचना होती हे खरं. आबासाहेबांनीच दिली होती. मागच्या वर्षी एका पाहुण्यांना एका पंचानं नमस्कार केला नाही, त्यावरून कन्याशाळेच्या पत्र्याचं काम अडलं होतं.

“बोट लागलेलं तुम्ही बघितलं का नाही?” बाईंनी विचारलं.

“मी वळलो तेव्हा तिला मागं ओढलेलं होतं.”

“मग बाद कसं दिलंत?”

“काहीतरी द्यायला पाहिजे होतं,” घोरपडे सर म्हणाले.

इतकं खरं उत्तर मी समितीच्या बैठकीत त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

आता खरी अडचण आबासाहेबांची झाली. कप पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं दिलेला. तो परत मागायचा म्हणजे पाहुण्यांचा हात परत मागण्यासारखं. त्यांनी उपसमिती नेमू म्हटलं. जिल्ह्याला विचारू म्हटलं. दिवाळी होऊन जाऊ दे म्हटलं. बाई प्रत्येक म्हणण्याला मान हलवत होत्या, पण ती आडवी. त्यांचं मागणं एवढंच होतं. कप राहू दे कुंभारवाडीकडं, कपाटही त्यांचंच असू दे. जी चढाई कोणी बघितलीच नाही ती झालीच नाही, ती पुन्हा खेळवा. तितक्याच मुली, तितकेच गुण, एकच चढाई, आणि जिंकेल तो संघ जिल्ह्याला.

आबासाहेब विचार करतो म्हणाले. करा, आम्ही बसतो, असं म्हणून बाई सारिकाला घेऊन पुढच्या खोलीत गेल्या आणि चारूच्या धबधब्याच्या पडद्यापुढं जे एक स्टूल आणि एक खुर्ची होती, त्यावर दोघी बसल्या.

फोटो काढायची जागा ती एवढीच. बाहेर परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवे असलेली कॉलेजची मुलं येऊन उभी राहिली. एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवरी पावडर लावून आलेली, ती उकाड्यात ओघळायला लागली. बाई कोणालाही रागावल्या नाहीत, कोणालाही जागा दिली नाही. जोडप्यानं विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे मागच्या खोलीकडं बोट दाखवलं, की आत आबासाहेब विचार करतायत, झाला की उठतो. मग जोडप्याचा मामा आत डोकावून विचारून गेला, झाला का विचार. मग कॉलेजची मुलं विचारून गेली. शेवटी चारूनंच हात जोडले. आबासाहेबांनी आयुष्यात पुष्कळ शिष्टमंडळं परतवली होती, पण ओघळलेल्या पावडरीच्या नवरीपुढं त्यांचं काही चाललं नाही. कुंभारवाडीच्या मुली तयार असतील तर माझी हरकत नाही, असं म्हणून त्यांनी चेंडू वेशीबाहेर टोलवला. त्या तयार होणार नाहीत अशी त्यांची खात्री होती.

माझीही होती. संध्याकाळी बाईंबरोबर मी कुंभारवाडीला गेलो. संघाची कर्णधार उज्ज्वला पाखरे म्हशीला वैरण टाकत होती. बाईंनी सगळं सांगितलं, सरांच्या नमस्कारासकट. कप ओसरीवरच्या खणात, सत्यनारायणाच्या फोटोशेजारी दिसत होता. तिनं वैरणीची पेंढी खाली ठेवली.

“ती रेषेला लागली नव्हती,” उज्ज्वला म्हणाली. “घोटा मी धरला होता. मला माहीत आहे.”

मी उठायच्या तयारीत होतो.

“पण ते कुणी बघितलंच नाही म्हणता, मग आमचं जिंकणं तरी कुणी बघितलं? आणा तिला उद्या. परत धरते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मंडप नव्हता, माईक नव्हता, फेटा नव्हता. फक्कीची रेषा मी स्वतः आखली. जरा वाकडी आली, बाईंनी पुसून पुन्हा आखायला लावली. आबासाहेब येणार नव्हते, पण आले, आणि रस्त्यानं चाललो होतो म्हणाले. घोरपडे सर पांढऱ्या कपड्यांत आले आणि मध्यरेषेच्या टोकाशी चक्क पालथे झोपले. गाल मातीला, एक डोळा रेषेच्या अगदी पातळीवर. कपडे खराब होतील असं आबासाहेब म्हणाले, त्यांना सरांनी उत्तर दिलं नाही. मान वळवायला लागेल म्हणून दिलं नसावं.

कुंपणाबाहेर दत्तू टकल्यांचा दुधाचा टेम्पो उभा होता. इंजिन चालूच. ते खाली उतरले नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बघत होते.

सारिकानं रेषेला हात लावून कपाळाला लावला, दम भरला आणि आत गेली. निळ्या मुली साखळी धरून मागं सरल्या. ती डावीकडं गेली, उजवीकडं गेली, कोणी अंगावर आलं नाही. उज्ज्वला मधोमध उभी, नजर फक्त तिच्या घोट्यांवर. वेळ संपत आला तसं बाईंनी हाताची घडी घातली, आणि ती एवढी घट्ट घातली की नंतर मनगटावर बांगड्यांचे वळ दिसत होते. मग सारिकानं एकदम कोपऱ्यातल्या मुलीला पाय लावला, तिथंच गिरकी घेतली आणि मागून झेपावणाऱ्या दुसरीच्या खांद्याला हात लावला. दोन झाल्या. आता फक्त परतायचं होतं.

उज्ज्वलानं उडी घेतली. तिचा हात घोट्यावर पडला, अगदी परवा पडला होता तिथंच. सारिका परवा पुढं पडली होती. आज ती पडली नाही. तिनं तो पाय उचललाच नाही, उलट जमिनीत रोवला, दुसरा पाय पुढं टाकला आणि उज्ज्वलाला ओढत नेलं. एक पाऊल. मग दुसरं. उज्ज्वला पालथी घासत येत होती, पण सोडत नव्हती. दोघींपैकी कोणालाही मी दोष देऊ शकलो नसतो.

सारिकाचा पाय घोरपडे सरांच्या नाकासमोर रेषेवर पडला. सरांनी झोपल्या झोपल्या हात वर केला, शिट्टी वाजवली. उज्ज्वलानं घोटा सोडला, उठून बसली आणि मातीनं भरलेली हनुवटी बाहीला पुसत म्हणाली, “आली. आज आली.”

पण सारिका थांबली नव्हती. रेषा ओलांडून ती तशीच चालत राहिली. तोंडानं कबड्डी, कबड्डी चालूच. आपल्या अंगणाच्या मध्यापर्यंत गेली, पिवळ्या मुली धावत आल्या त्यांच्यातून वाट काढत गेली, मागची रेषाही ओलांडली, तरी दम सोडीना. कुंपणाशी टेम्पो उभा होता तिथवर पोहोचली. टेम्पोचं इंजिन बंद झालं होतं. दत्तू टकले खाली उतरून दाराशी उभे होते.

“बास आता,” ते लेकीला म्हणाले. “दम सोड. जिल्ह्याला कधी जायचंय ते सांग.”